दहावी झाली, आता गाईडचं काय?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मी दहावीपर्यंत गाईड होते, तृतीय सोपान (गाईडच्या प्रगतीतली एक पायरी) झालाय. आता अकरावीत आहे, पण कॉलेजात पथक नाही. पुढे काही करता येईल का?
– विद्यार्थिनी, पंचवटी

नक्की करता येईल. भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये गाईडनंतर रेंजर विभाग असतो आणि तो पंचविशीपर्यंत चालतो. दहावीच्या निरोप समारंभात हे कुणी सांगत नाही, त्यामुळे ऐन उमेदीच्या मुली गळून जातात याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

कॉलेजात पथक नसलं म्हणून अडत नाही. शाळा-कॉलेजशी न जोडलेलं 'ओपन युनिट' असू शकतं. जिल्हा कार्यालयात जाऊन जिल्हा संघटक (गाईड) यांना भेट. जाताना प्रगतीची नोंदवही, तृतीय सोपानाचं प्रमाणपत्र आणि जन्मतारखेचा पुरावा, असं सगळं मूळ प्रतींसह ने. जवळपास युनिट नसेल तर बरोबरीच्या मैत्रिणी गोळा कर आणि लीडर व्हायला तयार असलेली एक बाई शोध. तिला सात दिवसांचा निवासी बेसिक कोर्स करावा लागेल, तेव्हा हे आधीच तिच्या कानावर घाल. सुट्टी मिळत नाही म्हणून बरीच युनिटं इथेच अडतात.

पुढचे टप्पे प्रवेश, प्रवीण, निपुण आणि मग राष्ट्रपती पुरस्कार. बारावीच्या वर्षात टप्पा पुढे सरकला नाही तरी चालेल, पण त्या वर्षीची नोंदणी चुकवू नकोस. पुढे चाचणीच्या वेळी सलग नोंदणी तपासतात आणि मधलं कोरं वर्ष मागाहून भरून निघत नाही.

जूनमध्ये चोवीस मुलींची रेंजर टीम सुरू केली. दिवाळीनंतर नऊच उरल्या. काय चुकतंय?
– शिक्षिका, सिन्नर

बहुतेक वेळा एकच गोष्ट चुकते: टीम गाईड कंपनीसारखी, म्हणजे शाळकरी मुलींच्या पथकासारखी, चालवली जाते. ध्वज, प्रार्थना, गाठी, खेळ, पुन्हा गाठी. सतरा वर्षांच्या मुलीने क्लोव्ह हिचची गाठ सहावीतच बांधलेली असते. तिला आता कुणीतरी विश्वासाने काम सोपवायला हवं.

सीनियर रेंजर मेट, म्हणजे मुलींमधली टीमची प्रमुख, मुलींनाच निवडू द्या. तुमच्या मनातली मुलगी निवडून आली नाही तरी ढवळाढवळ नको. मग उरलेल्या नऊ जणींचे तीन-तीनचे गट करा आणि प्रत्येकाला सहा आठवड्यांचं एक काम द्या. सोबत हजारेक रुपये आणि एक रोखवही द्या. हिशेब टीम कौन्सिलपुढे त्यांनीच मांडायचा. काम गावातलंच घ्या. तुमच्याकडे गोंदेश्वराचं मंदिर आहे. मधलं शिवमंदिर आणि चार कोपऱ्यांतली चार लहान मंदिरं, अशी पंचायतन रचना नवख्या माणसाला अर्ध्या तासात समजावून सांगायची म्हटलं की वाचन, आराखडा, तालीम, बोलणं सगळं आपोआप येतं. पहिले दोन आठवडे माहिती, तिसऱ्यात आराखडा, चौथ्यात आपापसांत तालीम, पाचव्यात सातवीचा एखादा वर्ग घेऊन प्रत्यक्ष फेरी, सहाव्यात काय जमलं नाही त्याची चर्चा. पहिली फेरी हमखास लांबते, कारण मुली पाठ केलेलं सगळं सांगून टाकतात. लांबू द्या, चर्चेत काय गाळायचं ते त्यांचं त्यांनाच कळेल.

दुसरं कारण अगदी साधं: सभेची वेळ. संध्याकाळी पाचची सभा आणि गावाकडची शेवटची एसटी यांचा मेळ बसत नसेल तर खेड्यातल्या मुली आधी गळतात. एसटीचं वेळापत्रक समोर ठेवूनच वार ठरवा. रविवारी सकाळी नऊ ते अकरा बहुतेकींना जमतं. आणि सेवाकार्याच्या नोंदीवर त्याच दिवशी सही करा.

मुलगी अंजनेरीच्या दोन दिवसांच्या शिबिराला जायचं म्हणते. पाठवावं का?
– एक आई, नाशिकरोड

पाठवा, पण आधी काही गोष्टी विचारून घ्या. मुक्कामाला किमान दोन जबाबदार बायका असतील ना? एकच मोठी व्यक्ती एकट्या मुलीबरोबर राहू नये, हा नियम पाळतात का? वीस मुलींमागे किमान एक शौचालय, तेही उजेडात आणि आतून कडी लागणारं, आहे का? पॅडसाठी जुने कागद आणि झाकणाचा डबा ठेवणार का? पाळी येणार म्हणून मुलीला घरी ठेवू नका. सोय करणं हे शिबिराचं काम आहे.

मुक्काम अंजनेरीच्या डोंगराच्या पायथ्याशीच हवा. वरचा भाग संवर्धन राखीव क्षेत्रात येतो. पावसाळ्यात कातळातल्या पायऱ्या निसरड्या होतात आणि अपघात जास्त करून उतरताना, थकल्यावर होतात. म्हणून दुपारी एकपर्यंत परतीला लागायला हवं. ओढणी आणि गुळगुळीत तळव्यांचे बूट नकोत. रात्रभर एक गाडी चालकासह थांबलेली असावी. 'फोन केला की येईल' यावर समाधान मानू नका.

रेल्वे भरतीत गाईडचा उपयोग होतो, हे खरं का?
– मनमाड

हो. रेल्वेत स्काउट-गाईड कोटा आहे. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज (लीडरच्या प्रशिक्षणाचा बॅज), गेल्या पाच वर्षांचा सक्रिय सहभाग आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवरचे प्रत्येकी दोन कार्यक्रम अशी अट असते. निव्वळ पुरस्कारावर अर्ज केलेल्या मुली याच अटींवर बाद होतात. प्रत्येक मेळाव्याचं प्रमाणपत्र तिथून निघण्यापूर्वीच घ्या.

2027 च्या सिंहस्थात आमच्या टीमला सेवा करायची आहे. कोणतं काम मागावं?
– रेंजर मेट, सिडको

गर्दी अडवण्याचं काम मागू नका आणि कुणी दिलं तरी घेऊ नका. ते पोलिसांचं काम आहे. 2003 च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी नाशिक विसरलेलं नाही. प्रथमोपचार, पाणी, चौकशी आणि हरवलेल्यांचं केंद्र ही तुमची कामं. कामाची पाळी चार तासांची, नेहमी जोडीने, आणि अठराखालच्या मुलींना रात्रपाळी नाही.

तयारी आतापासून करा. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या आणि मीठ वाढवू नका. सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छातीवर द्यायचे दाब, पुतळ्यावर शिका: मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली सुमारे पाच सेंटीमीटर. थकल्यावर दाब उथळ होतात, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

हरवलेलं मूल आलं की वेळ, जागा, कपडे आणि मूल सांगेल ते नाव लिहून घ्या. भोंग्यावरून सगळं वर्णन सांगू नका. कपड्यांवरची खूण किंवा हातातली वस्तू गुपित ठेवा आणि न्यायला येणाऱ्याला तीच विचारा. खूण जुळली तरी मूल परस्पर देऊ नका. ताबा पोलिसांच्या नोंदीनंतरच द्यायचा, आणि तोवर मुलाजवळ तुमच्यातल्या दोघी बसून राहतील.