पार्किंग लाइट लावले की फ्यूज उडतो

प्रश्न : माझ्या बारा वर्षं जुन्या गाडीचे पार्किंग लाइट लावले की 10 अँपिअरचा फ्यूज लगेच उडतो. 20 चा टाकू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात टाकू नका! मग फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि डॅशबोर्डमागे हात पोचत नाही. आधी त्या सर्किटचे सगळे बल्ब काढा, नंबरप्लेटचासुद्धा. तो हमखास राहतो. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. स्विच दाबल्यावर तो झगझगीत पेटला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. मीटरच्या दिव्यांमुळे नुसता मिणमिणला तर काळजी नको. वायर टेकलेली असली तरी या बल्बमुळे करंट जेमतेम पावणेदोन अँपिअर जातो, त्यामुळे ती जागा निवांत शोधता येते.

आता घरच्या कुणाला तरी बल्बकडे बघायला बसवा आणि तुम्ही वायरिंग हलवत चला. सुरुवात डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीपासून. उघडझाक होऊन तिथलीच वायर सोलते. परवाच एका गाडीची नळी मागे सरकवली, तर आत तांबं उघडं पडून काळवंडलेलं. वायर जरा बाजूला केली आणि बल्ब विझला.

नुसती टेप गुंडाळू नका. तेवढा तुकडा बदला, सोल्डर करून स्लीव्ह चढवा. फ्यूज मात्र 10 चाच.