वाचकांचे प्रश्न : बंदरात अडलेले खत

प्रश्न : माझा मुलगा घानातील एका खत आयातदाराकडे नोकरी करतो. त्याच्या म्हणण्यानुसार तेमा बंदरात जहाज वेळेवर लागले तरी युरिया शेजारच्या, समुद्रकिनारा नसलेल्या बुर्किना फासोच्या शेतकऱ्याला उशिरा आणि महाग मिळतो. बंदरात नेमके काय अडते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मुख्य अडचण पावसाची आहे, आणि तीही दोन ठिकाणच्या पावसाची. बुर्किना फासोत पावसाळा साधारण जून ते सप्टेंबर असा एकच असतो आणि मका व कापसाची पेरणी त्याच्या सुरुवातीला होते. तेमाच्या किनाऱ्यावर मात्र पावसाचा जोर मे-जूनमध्येच असतो. त्यामुळे पेरणीचा हिशेब धरून ‘वेळेवर’ आणलेले जहाज नेमके किनाऱ्यावरच्या पावसात सापडते. युरिया बहुधा सुटा येतो. क्रेनचा पंजा तो मालखणातून (जहाजाच्या माल ठेवण्याच्या कप्प्यातून) उपसून हॉपरमध्ये, म्हणजे मोठ्या नरसाळ्यात, टाकतो आणि पुढे धक्क्यावर किंवा गोदामात ५० किलोच्या गोण्या भरल्या जातात. ३० अंश तापमानाला सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की युरिया हवेतले पाणी ओढून घेऊ लागतो, म्हणून पावसाची चिन्हे दिसताच मालखणांची झाकणे लावून काम थांबवावे लागते.

जहाजाच्या भाडेकरारात पावसाचे तास उतराईच्या मुदतीतून वगळण्याची अट बहुधा असते आणि नवखा आयातदार तिच्यावर निर्धास्त राहतो. मुदत एकदा संपून डेमरेज (जहाज जास्त काळ अडकवल्याबद्दल जहाजमालकाला द्यावी लागणारी भरपाई) सुरू झाले की मात्र, करारात वेगळे लिहिलेले नसल्यास, पावसाचे तासही त्यात धरले जातात. गोण्या भरणे मंदावले किंवा ट्रक कमी पडले की खर्च वाढतो तो येथे. आपल्याकडे खताची मालगाडी (रेक) लागली की तालुक्यापर्यंत खत येते. तेमाहून बुर्किना फासोची राजधानी वागाडुगूला जाणारे खत मात्र सुमारे हजार किलोमीटर ट्रकनेच न्यावे लागते.

माझ्या मते जहाज डिसेंबर ते मार्चच्या कोरड्या महिन्यांत उतरवणे हाच खरा उपाय आहे. त्यासाठी पैसा काही महिने आधी गुंतवावा लागतो, बँकेचे व्याज सोसावे लागते आणि सरकारी अनुदानाची घोषणा होण्यापूर्वीच खरेदीचा धोका पत्करावा लागतो; म्हणूनच हा उपाय ठाऊक असूनही अनेकांना परवडत नाही.

प्रश्न : नायजेरियात युरियाचे मोठे कारखाने उभे राहिले असताना आयातीची गरज काय? (तेच वाचक)

उत्तर : नायजेरियातील लेक्की येथील डांगोटे उद्योगसमूहाच्या खत कारखान्याचे उद्घाटन मार्च २०२२ मध्ये झाले आणि त्याची वार्षिक क्षमता ३० लाख टन आहे, परंतु त्या देशातील बराच युरिया ब्राझीलसारख्या दूरच्या बाजारांकडे जातो. शिवाय कापसाला मिश्रखतही लागते. त्यातील पोटॅश रशिया, बेलारूस किंवा कॅनडासारख्या देशांतून आणि फॉस्फेट बव्हंशी मोरोक्कोतून समुद्रमार्गेच येते.