मेणबत्त्या आणल्या, पण ऊब आली नाही

प्रश्न : मी चौतीस वर्षांची आहे. पतीच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी साताऱ्याहून डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे आले. साताऱ्यात मी एका बँकेत नोकरी करत होते, येथे अद्याप घरीच आहे. मुलगा सहा वर्षांचा आहे. गेल्या हिवाळ्यात अंधारामुळे मी अगदी खचून गेले होते, म्हणून या वर्षी ऑक्टोबरपासूनच डॅनिश लोकांच्या ‘ह्युगे’ची, म्हणजे त्यांच्या उबदार, निवांत वातावरणाची, तयारी केली : मेणबत्त्या, लोकरीच्या शाली, एक महागडा दिवा. तरीही संध्याकाळी चारला अंधार पडला की पोटात खड्डा पडतो. पती पाच वाजता येतात, मेणबत्त्या पाहून “वीज गेली आहे का?” असे विचारतात आणि मोबाइल घेऊन बसतात. शेजारच्या बाई सप्टेंबरमध्ये “एकदा कॉफी घेऊ या” असे म्हणाल्या होत्या, परंतु त्यानंतर बोलावणे आले नाही. ज्या देशातील लोक एवढे समाधानी म्हणून ओळखले जातात, तेथे राहून मलाच ते का साधत नाही? – एक वाचक, ऑर्हूस

उत्तर : तुमचे काही चुकलेले नाही, हे प्रथम स्पष्ट सांगते. मात्र तुम्ही दोन निरनिराळ्या दुखण्यांवर एकच औषध घेत आहात, आणि ज्या दुखण्यावर ते लागू पडते त्यावरही ते अर्धेच घेत आहात.

पहिले दुखणे शरीराचे आहे. ऑर्हूस सुमारे ५६ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पावणेनऊच्या सुमारास उगवलेला सूर्य तेथे पावणेचारला मावळतो, आणि मधले सात तासही बहुधा ढगाआडच जातात. साताऱ्यातील सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. एवढा फरक शरीराला जाणवणारच. मी स्वतः कोपनहेगनमध्ये नऊ हिवाळे काढले; त्यांपैकी पहिले दोन बाहेरच्या करड्या आभाळाला कंटाळून पांघरुणात काढले, आणि ती चूक कळायला तिसरा हिवाळा उजाडावा लागला. ढगाळ दुपारी उघड्यावर जेवढा उजेड असतो, त्याच्या तुलनेत सगळे दिवे लावलेली खोलीही कित्येक पटींनी काळोखी असते. म्हणून मुलाला शाळेत सोडल्यानंतर परस्पर घरी न येता किंवा दुपारी बाराच्या सुमारास मुद्दाम बाहेर पडून रोज अर्धा-पाऊण तास चालावे, पाऊस असला तरी चालावे. तेथील लोक पावसासाठी थांबत नाहीत, कारण थांबले तर मार्चपर्यंत थांबावे लागेल. हिवाळ्यातील तेथील ऊन त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्याइतके प्रखर नसते, आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांना त्याची पूरक गोळी वर्षभर घेण्याचा सल्ला तेथील आरोग्य खाते देते. तुमच्या पिवळ्या आरोग्यपत्रावर तुमच्या डॉक्टरांचे नाव छापलेले आहे. सकाळी उठवत नसेल, झोप आणि भूक बदलली असेल, मुलाशी खेळणेही ओझे वाटत असेल आणि असे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर त्यांची वेळ घ्यावी. ‘हिवाळी नैराश्य’ या अर्थाचा शब्द डॅनिश लोकांच्या रोजच्या बोलण्यात आहे, त्यामुळे हे सांगताना संकोच वाटण्याचे कारण नाही. उपचारासाठी प्रखर प्रकाशाचा दिवा वापरायचा का, हेही त्यांनाच विचारावे. मेणबत्तीने हे दुखणे बरे होत नाही.

आता दुसरे दुखणे, एकटेपणाचे, आणि त्यावरचे औषध, म्हणजे ह्युगे. २०१६ च्या सुमारास इंग्रजी प्रकाशकांनी आणि दुकानदारांनी हा शब्द जगभर पोहोचवला, आणि तो पोहोचला तेव्हा त्याच्याबरोबर लोकरीचे मोजे विकायला आले होते. तुम्ही जे विकत आणले ते बरेचसे त्या वेळचे आहे. डॅनिश माणूस मात्र हे विशेषण वस्तूपेक्षा वेळेला अधिक लावतो : कालची संध्याकाळ ‘ह्युगेली’ होती, असे तो म्हणतो. याच शब्दाला नकाराचा ‘उ’ लावला की ‘उह्युगेली’ होतो आणि त्याचा अर्थ होतो भयंकर, अंगावर काटा आणणारे. म्हणजे ह्युगेच्या विरुद्ध टोकाला गैरसोय नसून भीती आहे. ज्या घोळक्यात कोणी आपल्याला जोखत नाही, कोणाला काही सिद्ध करून दाखवायचे नसते आणि तासभर तरी कोणी उठून जाणार नसते, तेथे येणाऱ्या निर्धास्तपणाचे ते नाव आहे. मेणबत्तीला तेथे ‘जिवंत प्रकाश’ म्हणतात, आणि तिच्याशी त्यांचे नाते दुकानांपेक्षा पुष्कळ खोल आहे. जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शरण येत असल्याची बातमी ४ मे १९४५ च्या संध्याकाळी बीबीसीच्या डॅनिश प्रसारणातून आली, तेव्हा लोकांनी युद्धकाळातील अंधारसक्तीचे पाच वर्षांचे काळे पडदे ओढून काढले आणि खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आजही त्या तारखेला अनेक खिडक्यांत त्या दिसतात.

तुमच्या यजमानांच्या “वीज गेली आहे का?” या प्रश्नाने तुम्ही दुखावल्या असाल, परंतु मला तो फार उपयोगाचा वाटला. आपल्या पिढ्यांनी मेणबत्ती पाहिली ती भारनियमनात. त्या संध्याकाळी आठवून पाहा : दूरदर्शन बंद, अभ्यास बंद, पंखा बंद; घरातली सगळी माणसे, आणि पुष्कळदा शेजारचीही, ओट्यावर किंवा गच्चीवर एका कंदिलाभोवती बसलेली; कोणी भेंड्या लावतो आहे, कोणी भुताची गोष्ट सांगतो आहे, आणि वीज आली की सगळे एकदम ओरडून पुन्हा आपापल्या खोलीत पांगत आहेत. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. उकाडा आणि डास मला चांगले आठवतात. परंतु उजेडाचे वर्तुळ लहान झाले की माणसे जवळ सरकतात, हे आपण तेव्हा नाइलाजाने अनुभवले, आणि डॅनिश लोक तेच वीज असताना ठरवून करतात. तुमच्या घरी मेणबत्त्यांबरोबर छतावरचा दिवाही चालू असतो की काय, अशी मला शंका आहे. तो बंद करावा आणि टेबलाजवळ, बसल्यावर डोळ्यांच्या खाली येईल असा एखादा दिवा ठेवावा. डॅनिश रचनाकार पॉल हेनिंगसन यांनी १९२० च्या दशकात एकाखाली एक अशा तीन झाकणांचा जो प्रसिद्ध दिवा घडवला, त्यातही बल्ब डोळ्यांना थेट दिसू नये हीच मुख्य दृष्टी होती, आणि तेवढे साधण्यासाठी हजारो क्रोनर मोजावे लागत नाहीत. मेणबत्त्या विझवल्यावर मात्र दहा मिनिटे खिडक्या उघडाव्यात.

यजमानांना ह्युगे समजावून सांगण्याच्या भरीस पडू नये. डेन्मार्कमध्ये कामाचा आठवडा साधारणपणे ३७ तासांचा असतो, त्यामुळे चारच्या सुमारास लोक मुलांना घेऊन घरी परततात. तुमचे यजमानही पाचला घरी येतात, म्हणजे वेळ त्यांच्याकडे आहे. त्यांच्याकडे आठवड्यातील फक्त एक संध्याकाळ मागावी, आणि ती शुक्रवारची मागावी, कारण मुलांना गोड खाऊ देऊन सगळ्यांनी सोफ्यावर एकत्र बसण्याची तेथील घराघरातील वेळ तीच आहे आणि तुमच्या मुलाने शाळेत ते ऐकलेले असणार. सहा ते साडेसात, तिघांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि तिघांनी मिळून करायचे एखादे काम : पत्ते, चित्र, शेंगा सोलणे, काहीही. दालचिनीचे पाव भाजत बसू नये. डॅनिश घरांत हिवाळ्यात दुधात शिजवलेला भात वर लोण्याचा गोळा आणि दालचिनी-साखर घालून खातात, आणि तो आपल्या खिरीचा जवळचा नातेवाईक आहे. परंतु मऊ खिचडी, तूप आणि भाजलेला पापड यांनीही तेच काम होते. स्वयंपाकाने दमलेली, चिडलेली गृहिणी असलेल्या घरात कितीही ज्योती लावल्या तरी उपयोग नसतो.

त्या दीड तासात तक्रारी, पैसे आणि सासर-माहेर हे विषय काढू नयेत. डॅनिश मंडळीही अशा वेळी वादाचे बोलणे टाळतात, आणि खरे सांगायचे तर मला त्यांची ही सवय कधीकधी जाचक वाटत असे, कारण गोड संध्याकाळच्या नावाखाली महत्त्वाचे बोलणे वर्षभर राहूनही जाते. तुमच्या बाबतीत ते राहता कामा नये. तुम्ही नोकरीचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला ती ओळच सर्वांत जड वाटली. स्वतःचा पगार, स्वतःचे टेबल आणि नावाने हाक मारणारे सहकारी हे सर्व मागे टाकून आलेल्या बाईला चारच्या अंधारात जो खड्डा जाणवतो, तो सगळाच अंधाराचा नसतो. त्याविषयी शनिवारी सकाळी, लख्ख उजेडात, यजमानांशी सविस्तर बोलावे : डॅनिशचे वर्ग कधी सुरू करायचे, मुलाला त्या वेळी कोण आणणार, बँकेतील अनुभवाचा तेथे काय उपयोग होऊ शकेल. आणि वर्ग लागेपर्यंत एखाद्या मंडळात नाव घालावे. त्या देशात गाण्यापासून हिवाळी समुद्रस्नानापर्यंत प्रत्येक गोष्टीचे मंडळ असते, आणि डॅनिश माणूस अनोळखी व्यक्तीशी रस्त्यात बोलणार नाही, पण मंडळात बोलतो.

शेजारच्या बाईंनी तुम्हाला टाळले, असा निष्कर्ष काढू नये. यप्पे ट्रोले लिनेट या डॅनिश मानववंशशास्त्रज्ञांनी ह्युगेच्या या बाजूविषयी लिहिले आहे : आतल्यांना ऊब देणारे वर्तुळ बाहेरच्यांसाठी भिंतही ठरते. ते वर्तुळ बाहेरून फोडता येत नाही, परंतु आपण आपले वर्तुळ मांडून त्यांना आत बोलावू शकतो. आपल्याकडे “या कधीतरी” म्हटले की येणे होते. तेथे दिवस, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ सांगितल्याशिवाय बोलावणे पक्के होत नाही. डिसेंबरच्या आधी लोक मुलांसह एकत्र बसून नाताळसाठी कागदाची कातरकामे करतात. लाल-पांढऱ्या पट्ट्या एकमेकींत गुंफून हृदयाच्या आकाराच्या पिशव्या विणतात, आणि त्यांतील सर्वांत जुनी म्हणून जपलेली पिशवी १८६० ची, परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन यांच्या हातची आहे. तुम्ही पतंगी कागद, काड्या आणि खळ काढून ठेवावी आणि बाईंना चिठ्ठी लिहावी : अमुक रविवारी दोन ते चार, तुम्ही आम्हाला हृदय शिकवा, आम्ही तुम्हाला आकाशकंदील शिकवतो. त्यांना दोन आठवडे आधी कळवावे. सोबत चहा आणि चिवडा पुरे.

त्यानंतर काही दिवसांनी शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या तर तुम्हाला “ताक फॉ सिस्ट” म्हणतील. तेथे ताक म्हणजे धन्यवाद, आणि मागच्या भेटीबद्दल पुढच्या भेटीत आभार मानण्याची ती रीत आहे. त्या विसरल्या, तर तुम्ही म्हणावे.