ब्रॉयलरला फळांचा चोथा आणि आंब्याची कोय: किती, केव्हा?

प्रश्न (मुरबाड, शहापूर, पनवेलचे ब्रॉयलरवाले): वाशीच्या फळबाजारातून आणि पल्पवाल्यांकडून आंब्याची साल, कोयी, मोसंबी-अननसाचा चोथा स्वस्तात मिळतो. खाद्यविक्रेता म्हणतो, मक्याऐवजी 20 टक्के घाला, एन्झाइम टाकलं की पचतं. घालावं का?

उत्तर: 20 टक्के अजिबात नको. विक्रेत्याला एन्झाइमचा डबा खपवायचाय. तुमचा पक्षी 40व्या दिवशी किती भरतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

साल-चोथ्यात तंतू जास्त, ऊर्जा कमी. पेक्टिन या फळांतल्या चिकट तंतूमुळे विष्ठा चिकट होते, लिटर (शेडमध्ये अंथरलेलं तूस) ओलं होतं, शेडमध्ये अमोनिया चढतो आणि पाठोपाठ कॉक्सी (आतड्याचा परजीवी रोग, कॉक्सिडिओसिस) येते. आपल्या दमट हवेत तूस आधीच वाळत नाही. मूठभर तूस घेऊन दाबा. गोळा तसाच राहिला तर चोथा त्याच दिवशी बंद करा.

ओला चोथा तर शेडच्या दारातही नको. एका रात्रीत आंबतो, मग बुरशी धरतो. टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष बांधून ठेवणारी पूड) घालून बुरसटलेला माल चांगला होत नाही, विक्रेता काहीही सांगो. मोसंबीचा चोथा म्हशीला पचतो, गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांना द्या.

कोंबडीसाठी कोय धरा, साल सोडा. कोयीच्या गरीत, म्हणजे आतल्या बीत, मक्यासारखं पिष्ट असतं, अडचण टॅनिनची, म्हणजे पचन अडवणाऱ्या तुरट द्रव्याची. कोय फोडा, गरी रात्रभर भिजवा, उकळा, ते पाणी फेकून द्या, कडक उन्हात वाळवा. तुकडा कट्‌कन मोडला तरच दळा. प्रमाण 100 किलो खाद्यात 5 किलो, तेही मक्याच्या जागी. पोत्यातल्या तयार खाद्यात वरून मिसळू नका, प्रथिनं घसरतात. पिल्लांना पहिले तीन आठवडे चिमूटभरही नको. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे, पंधराव्या दिवशी 'बघू तरी' नको. मृगाचा पाऊस लागला की नवी कोय आणणं बंद.

आधी अर्ध्याच शेडला द्या आणि दर आठवड्याला दोन्हीकडचे पक्षी तोला. काटा सांगेल तेच खरं.

योजना: पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधीत पशुखाद्य कारखान्याच्या कर्जाला 3 टक्के व्याजसवलत 2025-26 पर्यंत जाहीर झाली होती. आता चालू आहे का, ते तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा.

कंपनीच्या करारावर पिल्लं घेतली असतील तर वरचं सगळं विसरा. खाद्य कंपनीचं. त्यात बाहेरचं मिसळून वजन घटलं, तर कापलेल्या बिलावर भांडायलाही जागा राहत नाही.