वाचक विचारतात : पायाखालची फळी कशासाठी?

प्रश्न : कॅनडाचे देशप्रेमी लोकगायक स्टॉम्पिन टॉम कॉनर्स यांच्या टीव्हीवरच्या मैफलीत ते फळीवर टाच आपटताना दिसतात. ही लकब की सोय? आमच्या मंडळाच्या चित्रित होणाऱ्या कार्यक्रमात असं करता येईल का?

उत्तर : आधी सोय, मग लकब. गुत्त्यांतल्या गोंगाटात ताल ऐकू जावा म्हणून ते डावी टाच आपटत. स्टेज खराब होऊ लागलं, तेव्हा प्लायवूडचा तुकडा आला. टाचेखाली त्याचा भुगा व्हायचा. गाणं संपलं की फळी उचलून ते भुगा झटकायचे, लोक खूश!

तुम्ही साधारण दोन फूट बाय दोन फूट, १८ मिमी प्लाय घ्या. खाली पातळ रबर घाला, नाहीतर फळी सरकते. जाड सतरंजीवर मात्र ठेवू नका, आवाज मेलाच म्हणून समजा. फळीपासून वीतभर अंतरावर वेगळा माइक लावा.

खरी गडबड गायकाच्या माइकमध्ये होते. त्याचा स्टँड फळीला टेकला की प्रत्येक ठोक्याला गाण्यात ‘धप्प’ येतं. स्टँड दूर, फोमवर ठेवा आणि मिक्सरवर गायकाच्या माइकच्या चॅनलवर ८० हर्ट्झखालचा, म्हणजे अगदी खर्जातला, आवाज कापा. फळीच्या चॅनलवर तो कापू नका, तिची सगळी गंमत तिथेच आहे.

संकलनात टाचेचा क्लोजअप आवाजाशी जुळवा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दोन-तीन फ्रेम आधी ठोका ऐकू आला तरी चटकन खटकतं.