एक लेथ, दोन जॉब आणि एकच कंट्रोल चार्ट

प्रश्न : रबाळे औद्योगिक वसाहतीत आमचा सुट्या भागांचा लहान कारखाना आहे. एकाच सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या कातकाम यंत्रावर) आम्ही 12 मिमी आणि 25 मिमी व्यासाचे शाफ्ट आलटूनपालटून घेतो व दर तासाचे माप एकाच कंट्रोल चार्टवर (मापे वेळेच्या क्रमाने मांडून वरची व खालची मर्यादा दाखवणाऱ्या आलेखावर) नोंदवतो. आजवर एकही बिंदू मर्यादेबाहेर गेला नाही, तरीही गेल्या महिन्यात ग्राहकाने एक लॉट परत पाठवला. असे का व्हावे?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : आपण नेमाने मापे घेता ही मोठी जमेची बाजू आहे, दोष मर्यादा काढण्याच्या पद्धतीत आहे. दोन्ही शाफ्टची मापे सारख्या संख्येने एकत्र केली, तर सरासरी 18.5 मिमी आणि प्रमाण विचलन (मापे सरासरीभोवती किती पसरली आहेत ते) सुमारे 6.5 मिमी येते, आणि तिप्पट विचलनाच्या नेहमीच्या नियमाने मर्यादा उणे 1 ते 38 मिमी अशा पडतात. अशा चार्टवर शतांश मिलिमीटरचा बिघाड दिसणे शक्यच नाही. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 मध्ये हा चार्ट मांडला, तो स्वाभाविक चढउतार आणि विशिष्ट कारणाने आलेला बदल वेगळे ओळखता यावेत म्हणून. जॉब, म्हणजे यंत्रावर घेतलेला भाग, बदलल्याने पडणारा फरक आपल्याला आधीच ठाऊक असतो. तोच चढउतारात धरला, की खरा बिघाड त्याच्याआड लपतो.

यासाठी प्रत्येक मापातून त्या जॉबचे लक्ष्यमाप वजा करून उरलेला फरकच नोंदवावा : 12.008 साठी अधिक 0.008, 24.995 साठी उणे 0.005. लागोपाठच्या दोन फरकांमधील अंतरांची सरासरी 1.128 ने भागली, की प्रमाण विचलनाचा अंदाज मिळतो. मात्र जॉब बदलतानाचे अंतर त्यात धरू नये, कारण त्यात नव्या सेटिंगची चूक मिसळलेली असते. दोन्ही जॉबचे चढउतार सारखे नसतील, तर प्रत्येक फरक त्या त्या जॉबच्या प्रमाण विचलनाने भागून मगच चार्टवर घ्यावा.

चार्ट मात्र एकच ठेवावा आणि तो वेळेच्या क्रमानेच चालवावा, असा माझा आग्रह आहे. जॉब बदलला त्या जागी उभी रेघ मारा, इन्सर्ट (हत्याराचे बदलता येणारे कापणारे टोक) बदलला तेथे खूण करा. रेघेपाशी बिंदू एकदम वर किंवा खाली सरकले, तर आधी सेटिंग आणि ऑफसेट (यंत्रात भरलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती) पाहावा. पण बिंदू हळूहळू वर चढत रेघ ओलांडूनही तसेच चढत राहिले, तर कारण जॉबमध्ये नसून दोन्ही जॉबना सामाईक असलेल्या गोष्टीत, म्हणजे झिजत चाललेल्या इन्सर्टमध्ये किंवा तापलेल्या स्पिंडलमध्ये (जॉब फिरवणाऱ्या दांड्यामध्ये) शोधावे. बाहेरचा व्यास कापताना टोक झिजले, की व्यास वाढत जातो. जॉबगणिक वेगळे चार्ट ठेवले असते, तर हाच चढ तुकड्यातुकड्यांत विखुरला असता.

मर्यादेच्या आत असूनही लागोपाठ आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले, तर तोही इशारा समजावा. प्रक्रिया सुरळीत असतानाही सरासरी 370 बिंदूंमागे एखादा मर्यादेबाहेर जातोच. म्हणून एकट्या बिंदूवर लगेच ऑफसेट बदलू नये, आधी माप पुन्हा घ्यावे आणि इन्सर्टचे टोक तपासावे.