इंग्रजीतल्या ‘बेअरली’ आणि ‘हार्डली’मध्ये फरक काय? कुठे कोणता वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन मीटिंगमध्ये आवाज तुटत होता, तुम्ही ‘आय कान्ट बेअरली हिअर यू’ म्हणालात आणि पलीकडच्या बाईंनी विचारलं, म्हणजे ऐकू येतंय की नाही? मनाला लावून घेऊ नका. मी २८ वर्षं दहावीला इंग्रजी शिकवलं आणि ज्यांचं मराठी पक्कं, त्यांच्याच वह्यांत ही चूक मला जास्त दिसली.

याचं मूळ आपल्या ‘फारसं’मध्ये आहे. ‘मला फारसं ऐकू येतं’ असं कुणी म्हणत नाही. फारसं आलं की वाक्याच्या शेवटी ‘नाही’ यायलाच हवं: फारसं ऐकू येत नाही, फारशी ओळख नाही. जीभ या जोडीला इतकी सरावलेली असते की इंग्रजीत बोलतानाही ती ‘नॉट’ आणून ठेवते. पण हार्डली आणि बेअरली हे शब्द ‘नाही’ पोटात घेऊनच येतात. त्यात तुम्ही आणखी एक घातलं, म्हणून बाई गोंधळल्या. (अमेरिकेत काही ठिकाणी बोलीभाषेत ‘कान्ट हार्डली’ सर्रास चालतं. ऑफिसच्या मेलमध्ये मात्र ते लिहू नका.)

तेव्हा मी वर्गात सांगायचे ते असं. हार्डली म्हणजे ‘फारसं + नाही’ एकत्र. बेअरली म्हणजे ‘जेमतेम’ किंवा ‘कसंबसं’. ‘आय कॅन हार्डली हिअर यू’: तुमचं फारसं ऐकू येत नाहीये. ‘आय कॅन बेअरली हिअर यू’: तुमचं जेमतेम ऐकू येतंय. तुमच्या मीटिंगमध्ये दोन्ही चाललं असतं, आणि पुष्कळ वाक्यांत ते एकमेकांच्या जागी बसतात. फरक पडतो तो नजर कुठे आहे यानं. हार्डली बोलणारा काय कमी पडलं ते बघतो. बेअरली बोलणारा म्हणतो, रेघ ओलांडली, पण काठाकाठानं. ‘बेअर’ म्हणजे उघडा, नुसता. नुसता भात असतो ना, वर वरण नाही, तूप नाही, तसं ते यश असतं.

आमच्या बोर्डाच्या निकालावरून हे चटकन कळतं. १०० पैकी ३५ मिळाले की ‘ही बेअरली पास्ड’. पास झाला, पेढे वाटा. ३३ वर अडकला तर ‘ही नियरली पास्ड’, म्हणजे नापास. हा नियरली फसवा आहे, कारण ऐकायला तो बेअरलीचा सख्खा भाऊ वाटतो. बेअरलीच्या पुढे जे क्रियापद येतं ते घडलेलं असतं. नियरलीच्या पुढचं घडलेलं नसतं.

एकदा निबंधात एका मुलीनं पी. टी. उषावर लिहिलं होतं, ‘शी बेअरली वन द ब्राँझ’. १९८४ सालच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. ती चौथी आली. या मुलीनं एका शब्दानं ते तिच्या गळ्यात घातलं! तिला हवं होतं ‘नियरली वन’, किंवा वर्तमानपत्री थाटात ‘नॅरोली मिस्ड’. आपलं ‘थोडक्यात हुकलं’ किंवा ‘निसटता पराभव’ आलं की नॅरोली बिनधास्त वापरा. तिथे ‘जस्ट’ टाळा. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मतानं पडलं. त्या दिवशी कुणी ‘द गव्हर्नमेंट जस्ट लॉस्ट’ म्हटलं असतं, तर ‘आत्ताच हरलं’ की ‘थोडक्यात हरलं’, हे ऐकणाऱ्यानं कसं ओळखायचं?

हार्डलीचा आणखी एक सापळा नोकरीच्या अर्जात असतो. ‘हार्ड’ला ‘ली’ जोडून क्रियाविशेषण झालं असं वाटतं आणि माणूस मोठ्या अभिमानानं लिहितो, ‘आय हॅव वर्क्ड हार्डली’. मी फारसं काम केलेलं नाही! अशी कबुली कुणी मागितली नव्हती. मेहनतीला नुसतं ‘हार्ड’ लावायचं, शेपटी नको.

पैसे, वेळ, माणसं फारशी नाहीत असं म्हणायचं असेल तर ‘हार्डली एनी’. आकडा ठरलेला असेल तर बेअरली: ‘बेअरली २० पीपल’, जेमतेम वीस माणसं. या शब्दांच्या पोटात ‘नाही’ आहे याचा पुरावा हवा असेल तर शेपूट-प्रश्न बघा: ‘ही हार्डली टॉक्स, डझ ही?’ नकार आधीच होऊन गेलाय, म्हणून प्रश्न होकारी.

‘बेअरली हॅड आय सॅट डाउन व्हेन द फोन रँग’ ही रचना तुम्ही वाक्यरूपांतरात घोकली असेल. ती घोकायची गरजच नव्हती. आपण रोज म्हणतो, ‘मी टेकते न टेकते तोच फोन वाजला.’ फक्त ‘हॅड’ कर्त्याच्या आधी आणा आणि पुढे ‘व्हेन’ ठेवा. ‘दॅन’ येतं ते ‘नो सूनर’बरोबर.

आणि स्पेलिंग जपा. शेवटची तीन अक्षरं आहेत एल, वाय आणि त्यांच्या आधी ई. ई आणि एलची अदलाबदल झाली की बेअरलीचं बार्ली, म्हणजे जव होतं, आणि कॉम्प्युटर खाली लाल रेघही मारत नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं स्वतःच्या सहामाहीबद्दल ‘आय बार्ली पास्ड’ लिहिलं होतं. मी अर्धाच गुण कापला. शब्दाची जागा अचूक होती.